ताईचा चिमटा

मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाल मारते, डुगडुगत्या शिडीवर चढते, मालकाशी तोंडाला तोंड देते. पण त्या सकाळी दवाखान्याचा जिना चढताना माझे हातपाय गार पडले होते, आणि पुढे चालणारी ताई मागे न बघताच म्हणत होती, "चेहरा नीट कर. फाशी द्यायला नेत नाहीये तुला."

चेहरा नीट करायचा म्हणजे काय करायचं, हे मला तिनंच शिकवलेलं. भुवया सैल सोडायच्या, आवळलेले दात सोडायचे, ओठांचे कोपरे थोडे वर घ्यायचे. मी केलं. वरच्या पायरीवर ताईनं वळून बघितलं, "हं" म्हणाली आणि माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर अडकवून पुढे गेली. पर्स तिच्याकडेच असते. माझ्याकडे दिली की ती रिक्षात राहते, बाकावर राहते, एकदा तर लोकांच्या घरी फ्रीजवर राहिली होती.

दवाखान्यातली ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन वेळा मी एकटीच आले होते. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही एकत्र, आहेत का म्हणून तपासतात, हे वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ऑटिझम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे न बोलणारं लहान मूल यायचं. मी तर बोलायला लागले की लोक घड्याळाकडे बघतात. आणि एडीएचडी म्हणजे वर्गात उड्या मारणारा मुलगा, एवढंच ठाऊक. डॉक्टर मॅडमनी पहिल्या खेपेला समजावून सांगितलं, की एकाला सगळं रोजच्यासारखं, ठरल्या जागी, ठरल्या वेळी लागतं आणि दुसऱ्याला ठरलेलं काही म्हणता काही पाळता येत नाही. दोन्ही एकाच डोक्यात राहायला आले तर काय होणार? एका खोलीत दोन भांडकुदळ भाडेकरू. ते ऐकून मी तिथल्या तिथे म्हणाले होते, "मॅडम, माझं घर बघितलंत का तुम्ही?"

सुरुवात झाली ती दुकानावरून. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काच मशीनवर घासायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि फ्रेममध्ये बसवायची. गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही, ते मालक बघतात. मला ते काम जिवापाड आवडतं. काच हातात आली की मला भूक लागत नाही, फोन ऐकू येत नाही, पाय दुखत नाहीत. आणि काम संपलं की मी कुठे आहे, काय करायचं होतं, यातलं काही म्हणता काही आठवत नाही. त्या संध्याकाळी दुकान मी बंद करायचं होतं, आणि हातात एक फार अवघड काच होती, आधीच्या दोन तडकल्या होत्या. तिसरी बसली. इतकी छान बसली की मी खुशीत घरी गेले.

दुकान उघडं. दिवे चालू, शटर वर, चष्मे मांडलेले. सकाळी मालक आले तेव्हा शोकेसमध्ये एक मांजर झोपलेलं होतं. चोरी काही झाली नव्हती, माझं नशीब. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाचं मला कळतं. ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, तू असतेस तरी कुठे?" मग त्यांनी हात पुढे केला. मी किल्ल्या दिल्या.

"माझ्या मेहुण्याचं असंच होतं," ते म्हणाले. "त्यानं तपासून घेतलं. तूही घे. काही निघालं तर आपण त्याप्रमाणे सोय करू, आठवण करून देणारं कुणी ठेवू. पण काही निघालंच नाही, तर मग त्याचा अर्थ तू लक्षच देत नाहीस असा होतो. मग मला दुसरं माणूस बघावं लागेल."

आता कळलं ना, मी कशाला घाबरले होते ते? लोक डॉक्टरकडे जाताना काहीतरी निघेल म्हणून घाबरतात. मला भीती होती ती काहीच निघणार नाही याची. नोकरी जाईल ही एक गोष्ट झाली. पण काही निघालं नाही तर आई म्हणायची तेच खरं, मी धांदरट. शाळेतल्या बाई म्हणायच्या ते खरं, मी आगाऊ. नवरा बॅग भरून जाताना म्हणाला ते तर शंभर टक्के खरं, की तुला दुसऱ्या माणसाचं काही पडलेलंच नाही. म्हणजे सगळं माझ्या हातात होतं आणि मी आयुष्यभर नुसता आळस केला. हे मनात आलं की मला भिंतीला टेकावं लागायचं.

दुसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "मोठेपणी अशा बऱ्याच तक्रारी असतात, कशानंही होतात. हे सगळं लहानपणीही होतं का, ते कळल्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही. तुम्हाला लहानपणी बघितलेलं कुणी आणाल का?"

आईबाबा आता नाहीत. राहिली ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माझ्या गल्लीच्या टोकालाच राहते. तिला फोन केला तर म्हणाली, "तुला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट आहेस." मग म्हणाली, "कधी जायचंय? मी येते. एकटी जाऊ नकोस."

आता ताईच्या चिमट्याचं सांगायला हवं.

मी लहान असल्यापासून ताई मला खुणा करते. टेबलाखालून मनगटाला चिमटा म्हणजे गप्प बस, पुरे झालं. पायावर पाय म्हणजे वर बघ, माणूस बोलतंय त्याच्या तोंडाकडे बघ. ती लांब असेल तर कानाला हात लावते, त्याचाही अर्थ वर बघ, हाच. हनुवटीला बोट लावलं की हसायचं. शाळेत, लग्नकार्यात, कुणी भेटायला आलं की, सगळीकडे ताई माझ्या उजव्या हाताला. दुकानात मी नोकरी मागायला गेले तेव्हाही ती बाहेर काचेपलीकडे चष्मे बघत उभी होती आणि सारखा कान खाजवत होती. मालकांना वाटलं बाईच्या कानाला काहीतरी झालंय. मला वाटायचं, मोठ्या बहिणीला धाकटीवर हुकूम गाजवायला आवडतो, त्यातला हा प्रकार. चिडायचे मी. पण चिमटा बसला की तोंड बंद व्हायचंच. ठरवून नाही करत मी ते. डोळ्यापाशी काही आलं की पापणी मिटते, तसं आपोआप होतं.

तर आम्ही बाकावर बसलो होतो. वरची ट्यूब भुणभुणत होती. ताईचं चालूच होतं. "काचांचं पुराण लावू नकोस. विचारतील तेवढंच सांग. आणि पाय हलवू नकोस."

"ताई, त्यांना खरं सांगायचंय आपल्याला," मी म्हणाले.

"खरंच सांगायचंय. मी कुठे खोटं सांग म्हणतेय? नीट सांग म्हणतेय."

मग आम्हाला आत बोलावलं. मॅडम माझ्याहून लहान असतील. साधा सैल शर्ट, केस मागे बांधलेले, टेबलावर कान तुटलेल्या कपात पेन्सिली. त्यांच्या पाठीमागे दार, दाराला वर एक छोटी काच. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर घड्याळ. ते घड्याळ टिकटिक करून मला आधीच्या दोन्ही वेळी छळत होतं, पण दुसऱ्याच्या घड्याळाबद्दल कसं बोलायचं? ताईनं खुर्ची माझ्या खुर्चीला लावून घेतली आणि तिचा हात टेबलाखालून माझ्या मनगटावर आला.

"आज कसं वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"छान," मी म्हणाले.

"तुमच्या कामाबद्दल सांगा ना थोडं."

"काच घासताना पाणी सोडावं लागतं, नाहीतर ती तापते, आणि प्लास्टिकची असेल तर कड पांढरी पडते, म्हणजे सगळ्यांना वाटतं की मशीन..."

चिमटा.

"चांगलं आहे काम," मी म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "समजा एक मैत्रीण तुम्हाला म्हणाली की तिची नोकरी गेली. तुम्ही काय म्हणाल?"

माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं. कुठली नोकरी, का गेली, तिनं मालकाला लेखी विचारलं का, आणि मुळात ही मैत्रीण कोण? माझ्या पायावर ताईचा पाय आला. मी मान वर केली, मॅडमच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "अरेरे. फार वाईट झालं. मी काही मदत करू का?"

मॅडमनी मान हलवली. पुढचा प्रश्न. त्याचंही उत्तर मी तसंच दिलं, चोख. त्याच्या पुढच्याचंही. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. पाय हलला नाही. हसायच्या जागी हसले. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी पास होतेय. ज्या परीक्षेत मला खरं दिसायचं होतं, त्या परीक्षेत मी पैकीच्या पैकी मार्क घेत होते. माझं धाबं दणाणलं. आतून मी ओरडत होते की थांब बाई, चूक कर काहीतरी. आणि बाहेरून माझ्या ओठांचे कोपरे वर होते.

मग मॅडम ताईकडे वळल्या. "लहानपणी कशा होत्या ह्या?"

"चारचौघींसारखी," ताई म्हणाली.

"मैत्रिणी होत्या?"

"भरपूर."

त्या सगळ्या ताईच्या मैत्रिणी. मी त्यांच्यामागून चालायची.

"एखाद्याच गोष्टीच्या मागे लागायच्या का?"

"छे."

बाबांच्या सगळ्या शर्टांची बटणं कापून मी ती रंगाप्रमाणे खिडकीत मांडली होती आणि बाबा शर्टाला टाचण्या लावून कामावर गेले होते. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की शेजाऱ्यांनाही पाठ होती.

"आवाजाचा त्रास व्हायचा?"

"आवाजाचा? नाही, नाही."

मिक्सर लावला की मी कपाटात जाऊन बसायची. मला तिथून बाहेर काढायला रोज ताईच यायची.

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, खोटं बोलतेय ही. साधं वाक्य. चिमटा बसला, चांगला नखाचा, आणि ते वाक्य जिथल्या तिथे राहिलं. मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. ही का घाबरलीय, हे मला कळेना. घाबरायचं तर मी होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघींनी सांगितलं त्यावरून..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "असं करू या. ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? ह्यांच्याशी मी थोडं एकटीनं बोलते."

"एकटीनं?" ताई म्हणाली. "तिला सवय नाही हो एकटीची."

"थोडाच वेळ."

ताई उठली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. दार लागलं. माझं मनगट एकदम मोकळं झालं, थंड पडलं.

"सुट्टीच्या दिवशी काय करता?" मॅडमनी विचारलं.

खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशी मी अंथरुणातून उठत नाही, कारण काय आधी करायचं तेच ठरत नाही. पण हे सांगायचं का? किती सांगायचं? कुठे थांबायचं? मला कुणी सांगत नव्हतं. घड्याळ डोक्यात ठोकत होतं. मी इकडेतिकडे बघितलं, आणि दाराच्या काचेत मला ताई दिसली. टाचा उंचावून उभी असणार, कारण नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. मग तिचा हात वर आला आणि कानाला लागला.

माझी मान आपोआप वर झाली. मी मॅडमकडे बघितलं. "घर आवरते," मी म्हणाले. "टीव्ही बघते. कधी ताईकडे जाते." ताईनं मान हलवली. मॅडमनी लिहून घेतलं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. जिन्यातली भीती काहीच नव्हती. मला दिसलं, की हे असंच होणार. मॅडम म्हणणार, तुम्हाला काही नाही. मी छान हसून थँक्यू म्हणणार. मालक दुसरं माणूस बघणार. आणि उरलेलं आयुष्य मी ताईच्या कानाकडे बघत काढणार, आणि ज्या दिवशी ताई नसेल त्या दिवशी मी या खुर्चीत बसलेय तशीच कुठेतरी बसून राहणार, तोंड उघडं टाकून.

मी उठले. खुर्ची उचलली आणि फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तीत बसले. दाराकडे पाठ. मॅडमकडेही पाठ झाली, पण त्याला इलाज नव्हता. समोर भिंत, तिचा रंग एका ठिकाणी पोपडा येऊन उडालेला, आणि वर ते घड्याळ.

"ते घड्याळ बंद करा," मी भिंतीला म्हणाले. कुणालाही असं सांगतात का? पण तसंच निघालं.

मॅडम आल्या, घड्याळ उतरवून घेऊन गेल्या. ड्रॉवर उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता बरंय."

"खुर्ची का फिरवलीत?"

मग मी सांगितलं. आधी चिमट्याचं सांगितलं, मग कानाचं, मग मध्येच काचेला पाणी का लागतं ते, मग मांजर, मग बटणं, मग मिक्सर आणि कपाट, मग नवरा रडत होता तेव्हा मी त्याच्या चष्म्याची सैल काडी आवळत बसले होते ते, कारण मला वाटलं तीच मदत. कशाचा कशाला पत्ता नव्हता. मी बोलत होते आणि मला भीती वाटत होती की मी आता कधीच थांबणार नाही, कारण थांबवणारं माणूस दाराबाहेर होतं. मी पुढेमागे डुलत होते. ते मला माझ्याच खुर्चीचा आवाज ऐकून कळलं. थांबायला गेले तर आणखी जोरात व्हायला लागलं, म्हणून राहू दिलं. शेवटी शब्दच संपले आणि मी थांबले.

"ताईंना आत बोलावू?" त्या म्हणाल्या.

"बोलवा. मी इथेच बसते पण."

दार उघडलं. ताईच्या चपला आत आल्या आणि मध्येच थांबल्या. "भिंगरे," ती हळूच म्हणाली. भिंगरी हे माझं घरातलं नाव. "हे काय चाललंय? सरळ बस बघू."

"त्यांना राहू द्या तसं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बसा. ताई, हे चिमटे कधी सुरू झाले?"

मला वाटलं आता ही म्हणणार, कसले चिमटे. भिंतीवरचा पोपडा बघत मी वाट बघत होते.

"ही पहिलीत होती," ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी पाचवीत. शाळेच्या मोठ्या बाईंनी आईबाबांना बोलावलं होतं. मी दाराबाहेर उभी होते, हिचं दप्तर घेऊन. दार नीट लागलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, ही मुलगी इथली नाही. असल्या मुलांची वेगळी शाळा असते, लांब गावाबाहेर, तिथंच राहतात ती. तिथं पाठवा. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, एक वर्ष द्या आम्हाला."

"मग?"

"मग काय. आईला घरकाम, बाबांना नोकरी. वर्ष कोण बघणार होतं? मी शिकवलं तिला. मधल्या सुट्टीत, रस्त्यानं येताजाता. गप्प कधी बसायचं, बघायचं कुठे. ती शिकायची हो, फार पटकन शिकायची. दुसऱ्या वर्षी बाई काही बोलल्या नाहीत."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर वर्ष संपलं म्हणून मला कुणी सांगितलंच नाही," ताई म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत आईनं नाही सांगितलं, बाबांनी नाही, तिनं नाही. मला राग आला, इतका की कान तापले. कुणाचा राग ते कळेना. त्या मोठ्या बाईंचा, बाबांचा, ताईचा, का माझाच. माझं मनगट दुखत होतं. ताईला लांबच्या शहरात चांगली नोकरी लागत होती ती तिनं का सोडली, गल्लीच्या टोकालाच घर का घेतलं, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला वाटायचं तिला आमची गल्ली आवडते.

मॅडमनी मग तेच सगळे प्रश्न पुन्हा विचारले, अगदी पहिल्यापासून. मैत्रिणी होत्या? "एकही नाही," ताई म्हणाली. "माझ्या मैत्रिणींना मी खाऊ द्यायचे, हिला खेळायला घ्या म्हणून." बटणांचं सांगितलं. मिक्सरचं सांगितलं, आणि कपाटात माझ्यासाठी तिनं उशी नेऊन ठेवली होती तेही. मला वाटायचं ती उशी तिथलीच आहे. मला आठवत नव्हतं असं कितीतरी तिला आठवत होतं. ती सांगत गेली, सांगत गेली, आणि तिलाही कुणी चिमटा काढला नाही.

शेवटी मॅडम उठल्या आणि माझ्या बाजूला येऊन, माझ्याकडे न बघता, त्याही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "लेखी सगळं नंतर देईन," त्या म्हणाल्या. "पण मला आता शंका नाही. ऑटिझम आहे आणि एडीएचडीही आहे. लहानपणापासून आहे. तुमचा तो आळस नव्हता. मालकांना सांगायला हवं असेल तर मी बोलेन."

मला वाटलं होतं हे ऐकलं की मी रडेन नाहीतर उडी मारेन. तसलं काही झालं नाही. नोकरीची भीती गेली, ती जाताना मला कळली, खांदे खाली आले. पण तिच्या जागी लगेच दुसरी येऊन बसली. आता बाहेर जायचं, आणि बाहेर मी कशी बोलणार, कशी बघणार, चेहऱ्याचं काय करणार? ज्या बाईला लोक ओळखत होते तिला तर ताईनं शिकवून तयार केलं होतं. दुसरी कुठलीशी इथे भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि तिला मीसुद्धा धड ओळखत नव्हते. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भीती वाटणारच. हळूहळू बघू. पुढच्या वेळी घड्याळ आधीच काढून ठेवते."

आम्ही बाहेर पडलो. जिना उतरताना ताईनं माझं मनगट धरलं. जिथं नखाची खूण होती तिथंच. मी चिमट्याची वाट बघितली, म्हणजे आता काय करायचं ते कळेल. चिमटा आला नाही. तिनं मनगट नुसतं धरून ठेवलं.

मधल्या वळणावर ती थांबली. माझी पर्स तिच्या खांद्यावर, तिची स्वतःची दुसऱ्या खांद्यावर, कानापाशी कलप न लागलेले पांढरे केस. तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता तुला कुठे नेणार नाहीत ना गं?"

माझा चेहरा तेव्हा कसा होता मला माहीत नाही. तिनं तो नीट करायला सांगितलं नाही. मी पायऱ्यांकडे बघत होते, तिच्याकडे नाही, कारण तिच्याकडे बघून मला ते बोलता आलं नसतं.

"ताई," मी म्हणाले, "वर्ष संपलं."

ती खालच्या पायरीवर बसली, दोन्ही पर्स मांडीवर घेऊन. मी तिच्या उजव्या हाताला बसले. माझा पाय हलत होता, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.